इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात बोलीच्या अभ्यासकाने काय लिहावं?

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही निपाणीकडच्या एका कॉलेजात मराठी शिकवता. खानापूर तालुक्यातल्या अकरा गावांत चार वर्षं फिरलात. ‘काय करूलालास’, ‘जाऊलालो’ (म्हणजे ‘काय करतोयस’, ‘जातोय’) ही आपल्या भागातली रूपं कोण वापरतं, कुणासमोर वापरतं आणि कुणासमोर गिळून टाकतं, याचा अभ्यास केलात. ६३ माणसांचं बोलणं रेकॉर्ड केलंत. आता अनुदानाच्या अर्जात चार रकाने समोर आलेत: इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स (निबंधांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला यावरून काढलेले हे दोन आकडे), ‘संशोधनाचा समाजावरील प्रभाव’ आणि ‘पुरावे जोडा’. मागच्या खेपेला समितीतल्या एकांनी ‘ह्या तर गप्पा गोळा केल्यात, यात संशोधन कुठाय?’ असं तोंडावर विचारलं. मावसबहीण जैवतंत्रज्ञानात आहे, तिचा इम्पॅक्ट फॅक्टर चारच्या वर, तुमचा शून्य. तुम्ही विचारताय, माझ्या कामाला किंमतच नाही का, की मी त्यात स्टॅटिस्टिक्स घालायला हवं होतं?

मी सांख्यिकी शिकले आणि गेली एकतीस वर्षं बेळगावात राहून दुसऱ्यांच्या संशोधनातले आकडे तपासते. डॉक्टर येतात, शेतीवाले येतात, नर्सिंगच्या मुली येतात, समाजकार्यवाले येतात, अलीकडे मराठी आणि कन्नडच्या पीएच.डी.ची मुलंही येतात. प्रत्येकाच्या हातात आपल्या विषयाची फूटपट्टी असते, आणि जगात तेवढी एकच फूटपट्टी आहे असं प्रत्येकाला वाटत असतं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तुमच्या अर्जाने तीन वेगळी जनावरं एका दावणीला बांधली आहेत. पुरावा म्हणजे तुम्ही म्हणता ते खरं कशावरून. मूल्य म्हणजे ते खरं असेल तर जाणून घेण्याजोगं आहे का. प्रभाव म्हणजे त्यामुळे कुठे काही बदललं का. ही तिन्ही एकत्र येतीलच असं नाही. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये बारा मुलांवरचा एक निबंध आला आणि त्यातून गोवर-गालगुंडाच्या लसीमुळे ऑटिझम होतो ही भीती जगभर पसरली. तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. प्रभाव मोजायला गेलात तर गेल्या पन्नास वर्षांत त्याच्या तोडीचे निबंध फार थोडे सापडतील. मधल्या काळात कित्येकांनी मुलांना लस दिली नाही, हा त्याचा प्रभाव. पुरावा म्हणून मात्र त्यात उभं राहील असं काहीच नव्हतं. तेव्हा ‘प्रभाव किती?’ असं कुणी विचारलं की माझा पहिला उलटप्रश्न असतो, तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय?

आता मला जे खरं सांगायचंय ते. एवढी वर्षं इतक्या विषयांची टेबलं बघून माझं मत असं झालंय की प्रत्येक शाखेचं माप, त्या शाखेला ज्या चुकीची सर्वांत जास्त धास्ती असते, त्या चुकीतून जन्माला आलेलं असतं. ती धास्ती कळली की माप कळतं. ती न कळता नुसता आकडा उचलून दुसऱ्या शाखेत नेला की तो खोटं बोलायला लागतो.

शेतीपासून सुरू करते, कारण मी तिथूनच सुरू केलं. पहिल्या नोकरीत मला पीककापणी प्रयोगासाठी येळ्ळूरच्या भातशिवारात पाठवलं होतं. दोरी आणि खुंट्या घेऊन शेतात पाच बाय पाच मीटरचा चौकोन आखायचा, त्यातलं भात कापायचं, झोडायचं, वाळवून वजन करायचं, आणि त्यावरून उतारा काढायचा. चौकोन कुठे पडणार हे रँडम आकड्यांच्या तक्त्यावरून ठरतं. शेतकरी बोट दाखवेल तिथे तो टाकायचा नसतो, आणि बांधावरून चालायला सोपं पडतं म्हणून कडेलाही टाकायचा नसतो. दोरी ताणली की काही ठोंब बरोबर दोरीखाली येतात. ते आत धरायचे की बाहेर? माझ्याबरोबरचा माणूस सरळ होता, लबाडी त्याच्या मनातही नव्हती. पण भरलेली लोंबी दिसली की त्याचा विळा आपसूक दोरीपलीकडे जायचा. बुंधा आत असेल तरच ठोंब आत, हा नियम मला त्याला दिवसभर सांगावा लागला. संध्याकाळपर्यंत मला जाणवलं की माझाही हात तसाच जातोय.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात हीच गोष्ट आकड्यांनी दाखवून दिली होती. चौकोन जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी. कडेवरची रोपं आत ओढली जातात, म्हणून उतारा फुगतो. म्हणजे शेतीच्या संशोधनाची एक धास्ती आहे हद्द, आणि दुसरी आहे जमीन. एकाच वावराचा वरचा कोपरा मुरमाड असतो, खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं. नवीन वाण खालच्या कोपऱ्यात लावलं आणि जास्त पिकलं, तर ते वाणामुळे की चिखलामुळे? म्हणून इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतावर काम करताना रोनाल्ड फिशर यांनी वाफे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून द्यायची पद्धत बसवली. शेतीतल्या निबंधात ‘क्रिटिकल डिफरन्स’चा आकडा नसेल तर परीक्षक पुढे वाचत नाहीत, आणि ते बरोबरच करतात. जमिनीच्या चढउतारापेक्षा वाणातला फरक मोठा आहे का, एवढंच तो आकडा सांगत असतो.

वैद्यकातली धास्ती निराळी. तिथे भीती ही, की रोगी आपोआप बरा झाला आणि श्रेय औषधाला गेलं, किंवा डॉक्टरांना ज्या औषधावर विश्वास आहे त्याचा परिणाम त्यांना जरा जास्तच दिसला. याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. ते इथल्या लोकांनाही फारसं माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे बाळंतिणींच्या मृत्यूचं मोठं कारण. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० बायकांवर एक चाचणी झाली. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे आणि अमेरिकेतले डॉक्टर त्यात होते. प्रत्यक्ष काम केलं ते आरोग्यसेविकांनी, म्हणजे आपण ज्यांना नर्सबाई म्हणतो त्यांनी. निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. कुणाला काय मिळालं हे बाळंतिणीलाही माहीत नाही आणि नर्सबाईंनाही नाही. रक्तस्रावाचं प्रमाण बिनऔषधाच्या गटात १२ टक्के, औषधाच्या गटात ६.४ टक्के. म्हणजे अठरा जणींना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळतो. २००६ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

हे सगळं मी प्रभावाच्या कौतुकासाठी सांगत नाही. माझी नजर जिथे अडकते ती जागा वेगळी आहे. रक्त किती गेलं हे त्या नर्सबाईंनी कसं मोजलं? नजरेने अंदाज केला तर तो कमी येतो, आणि हे बेळगावच्याच अभ्यासात दिसलं होतं. डोळ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३३ टक्के कमी. म्हणून त्यांनी प्लॅस्टिकचं एक कापड केलं. ते बाळंतिणीच्या खाली अंथरायचं, त्याचं खालचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं, आणि त्यावर मिलिलिटरच्या खुणा. रक्त आपसूक त्यात उतरतं, नर्सबाई खूण वाचतात आणि लिहितात. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी ते हातात घेऊन पाहिलंय. स्वस्त, साधं, कंदिलाच्या उजेडातही वाचता येईल अशा ठळक रेघा. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात दोन लाखांहून जास्त बाळंतिणींवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, अशाच खुणांच्या कापडाने रक्तस्राव लवकर ओळखून लगोलग ठरलेले उपचार एकत्र दिले गेले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया आणि मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी उतरलं. मोजायचं साधन सुधारणं हेही संशोधन असतं. पुढे तुमच्या कामाकडे वळताना ही गोष्ट लागेल, म्हणून इथे रेंगाळले.

आता इतिहासाकडे या. इथे सगळं उलटं होतं. वैद्यकात एका रोग्याची हकिगत पुराव्याच्या उतरंडीत तळाला असते, शेकडो-हजारो रोग्यांच्या चाचण्या वर असतात. इतिहासात शंभर बखरी एक गोष्ट सांगत असतील आणि त्याच दिवसांत लिहिलेलं एक अस्सल पत्र वेगळं सांगत असेल, तर पत्र जिंकतं. वि. का. राजवाड्यांनी वाईला मिळालेल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ साली छापला तेव्हापासून मराठी इतिहासलेखनाने हीच शिस्त पाळायचा प्रयत्न केलाय. इथे संख्या कामाची नाही. शंभर बखरी एकमेकींवरूनच उतरवलेल्या असू शकतात. इतिहासाची धास्ती बनावटीची. तुमच्या खानापुरातल्या हलशीचे कदंबांचे ताम्रपट घ्या. ताम्रपटावर जी कालगणना आहे तिच्याशी अक्षरांचं वळण जुळतं का, राजाची वंशावळ दुसऱ्या लेखांशी बसते का, हे तपासल्याशिवाय अभ्यासक त्यावर पाऊल ठेवत नाहीत, कारण जमिनीच्या हक्कासाठी मागाहून कोरलेले खोटे ताम्रपट भरपूर सापडलेत. इथे ‘नमुना किती जणांचा?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे विहिरीची खोली लिटरमध्ये मागणं.

बाकीच्या शाखा भराभर सांगते. पदार्थविज्ञानात उपकरणाची खरखर हीच भीती, म्हणून ४ जुलै २०१२ ला हिग्ज कणाची घोषणा पाच सिग्माच्या कसोटीवर झाली. तिथे निव्वळ योगायोगाने तसा आकडा येण्याची शक्यता साधारण पस्तीस लाखांत एक. मानसशास्त्राने वर्षानुवर्षं वीसात एक एवढी सैल कसोटी चालवून घेतली. २०१५ मध्ये शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा मूळच्या ९७ टक्के ‘यशस्वी’ निकालांपैकी पुन्हा केल्यावर ३६ टक्केच टिकले. तेव्हापासून त्या शाखेत ‘पुन्हा करून दाखवा’ हेच मोठं माप झालंय. गणितात सिद्धता बरोबर असली की झालं, तिला टक्केवारी नसते.

मग बोलीच्या अभ्यासाची धास्ती कोणती? ती तुम्हीच प्रश्नात लिहिली आहे, फक्त तिला नाव दिलेलं नाही. नंदगडच्या आजी चाळीस मिनिटं तुमच्या रेकॉर्डरसमोर ‘जात आहे’, ‘करत आहे’ असं पुस्तकी बोलत राहिल्या. मग दारातून नातू पळाला आणि त्या ओरडल्या, ‘कुठं जाऊलालास रे?’ अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव्ह यांनी हाच पेच मांडला होता: आपल्याकडे कुणी लक्ष देत नसताना माणसं कशी बोलतात हे आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायला लक्ष देऊन ऐकण्याशिवाय इलाज नसतो. म्हणजे तुमच्या शाखेत सर्वांत मोठी चूक अशी, की ऐकणाऱ्यामुळेच बोलणं बदललं आणि ते बदललेलं बोलणं आपण खरं धरलं. कॉलेजातल्या बाई आल्यात म्हटल्यावर आजी जीभ सावरून बोलणारच. त्या चाळीस मिनिटांपेक्षा तो एक ओरडा जास्त वजनाचा आहे, आणि तो का वजनाचा आहे हे तुम्ही समितीला समजावून सांगितलं नाहीत तर त्यांना त्या गप्पाच वाटणार. त्या सदस्यांनी उद्धटपणे विचारलं हे खरं. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर प्रबंधात पहिल्या दहा पानांत होतं का, हेही पाहा.

आता ‘स्टॅटिस्टिक्स घालू का?’ मोजदाद जरूर करा. कोणतं रूप किती वेळा, कुणासमोर, कोणत्या वयाच्या तोंडी, शेतात की बँकेत, मराठी शाळेत शिकलेल्याच्या की कन्नड शाळेत शिकलेल्याच्या. त्याचा साधा तक्ता काढा. पण तो ‘पी व्हॅल्यू’ म्हणून जो आकडा सगळे मागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता किती, तो घालू नका. तुमची ६३ माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाहीत. ओळखीतून ओळख काढत तुम्ही पोचलात, आणि अशा अभ्यासात तसंच पोचता येतं. त्यात गुन्हा काही नाही. मात्र तो आकडा लावला की वाचणाऱ्याला वाटतं चिठ्ठ्या टाकल्या होत्या. दुसरं, एका आजींच्या तोंडची दोनशे वाक्यं ही दोनशे स्वतंत्र निरीक्षणं होत नाहीत. एकाच वाफ्यातल्या दोनशे लोंब्या मोजून दोनशे वाफे केले असं म्हणण्यासारखं ते होईल. एम.ए., एम.फिल.च्या कित्येक प्रबंधांत मी ही चूक पाहिली आहे, आणि ती नेहमी कुणालातरी खूश करायला केलेली असते.

राहिला तो शून्य. इम्पॅक्ट फॅक्टर काय मोजतो ते बघा, म्हणजे त्याची टोचणी जाईल. समजा २०२४ चा आकडा हवाय. एखाद्या नियतकालिकात २०२२ आणि २०२३ मध्ये आलेल्या निबंधांचा उल्लेख २०२४ मध्ये जगभर किती वेळा झाला ते मोजायचं आणि त्या दोन वर्षांतल्या निबंधांच्या संख्येने भागायचं. हा आकडा नियतकालिकाचा आहे, निबंधाचा नाही, आणि माणसाचा तर नाहीच. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ही कल्पना मांडली. पुढे तिचा मोठा उपयोग ग्रंथालयांना झाला, कोणतं नियतकालिक घ्यावं हे ठरवायला. दोन वर्षांची खिडकी जैवतंत्रज्ञानाला चालते, कारण तिथे निबंध लवकर येतात, लवकर वाचले जातात, लवकर शिळे होतात, आणि प्रत्येकाखाली संदर्भांची लांब रांग असते. एच-इंडेक्स हॉर्खे हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने २००५ मध्ये आणला: दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख असतील तर दहा. शाखेशाखेत हा आकडा वेगळा येतो, हे त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलंय. वापरणाऱ्यांनी तेवढं वाक्य सोडून दिलं.

तुमच्या विषयात वेळ कसा चालतो याचं उदाहरण सांगलीजवळचं आहे. कुपवाडच्या बोलण्यावर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा लेख १९७१ मध्ये आला. मराठी, कन्नड, उर्दू शतकानुशतकं शेजारी नांदल्या, आणि शब्द वेगळे राहूनही वाक्याची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत म्हणता येतं, असा त्यांचा दावा. हा लेख एका संपादित ग्रंथातलं प्रकरण आहे, म्हणजे त्याला इम्पॅक्ट फॅक्टरच नाही. जगात जिथे जिथे भाषांच्या सरमिसळीचा अभ्यास होतो तिथे तो आजही शिकवला जातो. आणि चाळीसेक वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या संशोधनात कुपवाडला पुन्हा जाऊन तो दावा तपासला गेला, काही बाबतींत त्याला प्रश्नही विचारले गेले. कुणीतरी इतक्या वर्षांनी त्याच गावात परत जाऊन तुमचं म्हणणं पडताळतं, तुमच्या शाखेत याच्यापेक्षा मोठा मान मला तरी माहीत नाही. पण हा मान मिळायला तुमची माहिती दुसऱ्याला तपासता येईल अशी ठेवलेली हवी.

इथे एक गोष्ट मनावर दगड ठेवून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या निवडीसाठी उमेदवारांची गुणांकन-पत्रकं करायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी सगळ्यांच्या निबंधांचे इम्पॅक्ट फॅक्टर बेरजेत घातले. बेरीज बिनचूक होती. मोडी आणि हळेकन्नड दोन्ही लिप्या वाचू शकणारा एक अभ्यासक त्या यादीत तळाला गेला आणि बाहेर पडला. मोडी कागद आणि कन्नड शिलालेख एकत्र वाचू शकणारी माणसं आपल्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आकडे वेगवेगळ्या मापांतले होते आणि मी ते मिळवले, ही माझी चूक. तिची भरपाई नंतर करता आली नाही. म्हणून आता कुणी असा तक्ता मागितला तर मी विषयवार वेगळा करून देते, नाहीतर नकार देते.

तुम्ही अर्जात काय लिहाल हे थोडं अर्जावर अवलंबून आहे. बढतीचा, गुणांच्या तक्त्याचा अर्ज असेल तर चर्चेला जागा नसते. तिथे नियमात बसेल तेवढंच भरा आणि पुढे चला. शिवाय तिथले नियम बदलत राहतात. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०१९ मध्ये आली तेव्हा तीच सर्वस्व होती, २०२५ मध्ये यूजीसीनेच ती बंद केली. त्या यादीसाठी ज्यांनी पैसे भरून घाईघाईने निबंध छापले त्यांच्या हातात आज काय आहे? अनुदानाच्या अर्जात मात्र माणसं वाचतात, तिथे वाक्यांना जागा असते. समितीत एखादा भाषेचा माणूस असेल तर तुमचं काम सोपं, नसेल तर जास्त खुलासा लागेल.

पहिल्या दोन रकान्यांत शून्य लिहू नका आणि ते रिकामेही सोडू नका. ‘या विषयात निबंध मुख्यतः ग्रंथांत आणि मराठी-कन्नड नियतकालिकांत येतात, त्यांची गणना या निर्देशांकात होत नाही’ असं एका ओळीत लिहा आणि खाली तुमच्या प्रकाशनांची नावं द्या. आधार हवा असेल तर संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचा द्या. नियतकालिकाचा आकडा एकेका निबंधाच्या दर्जाचं माप म्हणून वापरू नये, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. त्याच विषयावरच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांतलं तिसरं तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: स्थानिक महत्त्वाच्या उत्तम संशोधनाला जपा.

‘पुरावे जोडा’मध्ये तुमची ताकद दाखवा. किती तास, किती माणसं, वयं, गावं, घरची भाषा, शाळेची भाषा. रेकॉर्डर दिसत होता की बाजूला ठेवला होता. तुम्ही स्वतः त्यांच्याशी कोणत्या मराठीत बोललात. आजींसारखे प्रसंग किती आले, त्यांतले दोन जसेच्या तसे. तुमचं म्हणणं जिथे लागू पडलं नाही ती गावं किंवा घरंही लिहा. मी परीक्षक असते तेव्हा हाच परिच्छेद आधी शोधते, कारण ज्याने अपवाद लिहिलेत त्याने खरंच शिवार तुडवलंय हे कळतं. आणि तुमची मोजायची रीत. माणसाला सावध न करता बोलतं करायला तुम्ही जे केलंत, म्हणजे चुलीपाशी बसणं, नातवंडांना खेळवणं, दोन बायकांना आपसात बोलू देऊन स्वतः गप्प राहणं, ते सविस्तर लिहा. ते तुमचं खुणांचं कापड आहे. उद्या चंदगडला किंवा भालकीला कुणी काम करेल तर त्याला ते लागेल.

‘समाजावरील प्रभाव’ हा रकाना सर्वांत फसवा. पोहोच आणि प्रभाव यांत गल्लत होते. कडोलीच्या संमेलनात तुमचं भाषण झालं, हॉल भरला होता, ही पोहोच. त्यानंतर एखाद्या शाळेतल्या गुरुजींनी मुलांना ‘करूलालोय’ म्हटल्यावर हातावर छडी मारणं थांबवलं, तर तो प्रभाव. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या मूल्यमापनात अशा प्रभावाला २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के वजन दिलं गेलं, आणि तिथेही तो आकड्यात मागत नाहीत. हकिगत मागतात, आधी काय होतं, नंतर काय झालं, आणि ते तुमच्या कामामुळे झालं हे कोण सांगू शकेल. तुमच्याकडे अशी एक जरी हकिगत असेल तरी तीच लिहा. त्या गुरुजींकडून दोन ओळींचं पत्र घ्या. नसेल तर ‘अजून नाही, पण प्रकल्पात पुढील दोन शाळांसोबत हे करणार’ असं लिहा. फुगवलेला प्रभाव जाणत्या परीक्षकाला तीन ओळींत कळतो.

आपल्या भागापुरतं एक सांगणं भाग आहे. इथे भाषेबद्दलचा कुठलाही आकडा कुणाच्या ना कुणाच्या बाजूने वापरला जातो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून हे चाललंय. तुमचा तक्ता उद्या मोर्चाच्या पत्रकात दिसेल, किंवा त्याच्या विरुद्धच्या पत्रकात. त्याला प्रभाव म्हणून अर्जात लिहू नका. कुणी तुमचा आकडा वापरला यावरून तो बरोबर ठरत नाही आणि चूकही ठरत नाही. माझी कळकळीची विनंती ही, की माणसांची संमती लेखी घ्या, गावाच्या पातळीखाली ओळख पटेल असं काही छापू नका, आणि ‘या गावात इतके टक्के मराठी’ असं वाक्य तुमच्या ६३ माणसांवरून कधीही काढू नका. तुमचा प्रश्न कोण कसं बोलतं हा आहे, कोण किती आहेत हा नाहीच. प्रस्तावनेत तसं ठळक लिहून ठेवा.

मावसबहिणीच्या आकड्याबद्दल एवढंच. तिच्या शाखेत तो आकडा खरंच काहीतरी सांगतो आणि तिने तो कष्टाने मिळवलाय. तिला एकदा विचारा, तिच्या प्रयोगात कशाची भीती असते. बहुधा ती म्हणेल, भांड्यात दुसराच जंतू शिरण्याची. मग तुम्ही तिला आजींची गोष्ट सांगा. तुमच्या रेकॉर्डिंगमध्येही बाहेरचं काहीतरी शिरतंच, आणि ते म्हणजे तुम्ही. यावर दोघींचं बोलणं माझ्या या सगळ्या उत्तरापेक्षा पुढे जाईल.

शेवटी एक काम, अर्जाच्या आधीचं. तुम्ही लिहिलंय की सगळी रेकॉर्डिंग एका पेनड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर आहेत, आणि लॅपटॉप जुना झालाय. आजच दोन वेगळ्या ठिकाणी प्रती करा. प्रत्येक फाइलला गाव, तारीख आणि क्रमांक द्या, नाव देऊ नका. कुठलं रेकॉर्डिंग कुणाचं, याची वही वेगळी आणि कुलपात. नंदगडच्या आजींची फाइल आधी.